खोखा आणि खोवा

आत्याला मी माफ केलेलं नाही. ती गेली तरी नाही, आणि करणारही नाही.

आई वारल्यावर मी कांचघर वस्तीत आत्याच्याच घरी राहत होते. लढाईचे दिवस. काडतुसांच्या फॅक्टरीत कारकुनांची भरती निघाली आणि मी अर्ज टाकला. ती नोकरी मला हवीच होती. स्वतः कमवायचं आणि आपलं ताट आपण वाढून घ्यायचं, दुसरं काही नको होतं. नेमकं तेव्हाच नागपूरचं स्थळ आलं. आत्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ही कंबर आहे की कोठी?" झालं! सकाळी ताक, संध्याकाळी अर्धी पोळी. आणखी मागितली की म्हणायची, "जवान तिकडे लढून राहिले अन् तुला पोळी पाहिजे?" स्वतः मात्र वरणावर तूप ओतून जेवायची. मोठी आली देशभक्त!

भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करताना माझं डोकं चालेनासं झालं. पान उलटलं की वाचलेलं साफ. सदर बाजारातल्या हलवायाकडची खोव्याची, म्हणजे खव्याची, जलेबी तेवढी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

परीक्षेत हिंदी श्रुतलेखन होतं. साहेब म्हणाले, "पीतल के खोखे गिनकर रखे जाएँ।" खोखा म्हणजे काडतुसाचं रिकामं नळकांडं, आमच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी लिहिलं, खोवे. आणि एकदा नव्हे, पानभर! साहेबांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, सगळे खो-खो हसले, माझं नाव कटलं. मुलगी अशक्त दिसते म्हणून स्थळही गेलं. मग लढाई संपली, भरतीही संपली. आत्या मात्र भर हळदीकुंकवात मला "आमची खोवा" म्हणून हाक मारायची, तोंड वर करून.

पुढे तिला शुगर निघाली. डॉक्टरांनी गोड बंद केलं. मी मुद्दाम सदरहून जलेबी घेऊन गेले आणि तिच्यासमोर बसून खायला लागले. ती विष्णुसहस्रनाम म्हणत होती. एरवी घडाघड म्हणणारी बाई, त्या दिवशी एकाच ओळीवर फिरत राहिली. नजर माझ्या द्रोणात.

"काहून अडून राहिली आत्या?" मी विचारलं.

"एक तुकडा दे ना बाई. काही सुधरून नाही राहिलं मला."

"जवान तिकडे लढून राहिले अन् तुला जलेबी पाहिजे?"

तेवढं मात्र तिला लगेच आठवलं. तिने मान खाली घातली. मी द्रोणातला पाक बोटाने पुसून खाल्ला.