स्टोव्हच्या पिना

सप्टेंबरमध्ये मी उत्तरेकडच्या एका बर्फाळ बेसवर रुजू झालो. रँक नायक, काम लोड टेबल बनवायचं. म्हणजे वरच्या चौक्यांना काय, किती आणि कोणत्या गाडीतून जाणार, त्याचा तक्ता. नोव्हेंबरात रस्ता बंद झाला की मेपर्यंत उघडत नाही, म्हणून तेवढ्या महिन्यांचं सगळं सामान आधीच वर पोचवावं लागतं. मी सप्लायच्या कोर्समध्ये पहिला आलो होतो, आणि हे समोरच्याला दहा मिनिटांत कळेल याची काळजी घेत असे.

लोडिंगवर हवालदार रशीद शेख होते. मी केदारखेड्याचा, ते शहागडचे. आपल्या जिल्ह्याचा माणूस इतक्या लांब भेटला की रँक जरा सैल होते. ते मला मास्तर म्हणायचे, मी त्यांना भाई.

भाईंची एक सवय होती. गाडी भरून झाली की ताडपत्री बांधण्याआधी ते मागच्या उघड्या फाळक्यावर बसायचे, डोळे मिटायचे आणि चौकीवरचा एक दिवस मोठ्यानं म्हणायचे. "उठलो. पानी पायजे. बर्फ आनला. स्टोव्ह पेटवायचा. माचिस? हाय. तांदूळ? हाय." जे गाडीत नसेल ते उतरून स्वतः घेऊन यायचे. ही पद्धत त्यांच्या अम्मींची. शहागडला हायवेवर अम्मींची चहाची टपरी आहे. टपरीवर निघण्याआधी त्या घरी असाच सगळा दिवस म्हणायच्या. मला हसू यायचं.

"भाई, यादी आहे की."

"यादी बराबर हाय, मास्तर. पर यादीला तहान लागत न्हाई."

ऑक्टोबरअखेर शेवटचा कॉन्व्हॉय निघाला. सुटायची वेळ 0800. 0745 ला भाई फाळक्यावर बसले. मी घड्याळ दाखवलं. "भाई, टाइम नाही. यादी पूर्ण आहे, मी स्वतः टिक केलंय." ते उतरले आणि दोरी आवळली. ते सीनियर होते, माझं ऐकायची त्यांना काही गरज नव्हती. गावाकडचं पोरगं हुशार निघालं याचं त्यांना कौतुक होतं, म्हणून ऐकलं.

चूक कुठे झाली ते सांगतो. रॉकेल आमच्या खात्याचं. स्टोव्ह आणि त्याचे सुटे भाग दुसऱ्या खात्याचे. माझ्या तक्त्यात रॉकेल पूर्ण पोचलं होतं. स्टोव्हचं भोक साफ करायच्या पिना माझ्या तक्त्यात नव्हत्याच. त्यांची पेटी बेसवरच राहिली, कारण तिच्यापुढे टिक करायला माझ्याकडे ओळच नव्हती.

जानेवारीत सकाळी 0810 ला सगळ्यात वरच्या चौकीचा आवाज वायरलेस सेटवर आला. तिथे आठ जवान होते.

"दोनों स्टोव्ह बंद. पिन नहीं है. ओव्हर."

"कब से? ओव्हर."

"कल सुबह से. ओव्हर."

तिथे पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ. स्टोव्ह नाही तर पाणी नाही, जेवण नाही, ऊब नाही. त्यांनी तांब्याची तार घालून पाहिली, ती भोकातच तुटली. डब्यात रॉकेल पेटवलं, तर बंकर धुरानं भरला आणि दोघे बेशुद्ध पडले. चौकीत रॉकेलचे जेरीकॅन रांगेनं भरलेले होते, माझ्या तक्त्याप्रमाणे. हेलिकॉप्टरला हवामान नव्हतं.

बेसच्या मेजर साहेबांनी विचारलं, "कौन जाएगा?"

"रास्ता मेरा देखा हुआ है, साब," भाई म्हणाले.

मीही पुढे झालो. भाईंनी मला बाजूला घेतलं. "तू न्हाई. तू सेटवर बस." मग खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, तोंड पाडू नको. मी बी उतरलो ना फाळक्यावरून."

0900 ला ते आणखी दोन जवानांना घेऊन निघाले. मी सेट सोडला नाही. 1540 ला आवाज आला, "पार्टी पहुंच गई. स्टोव्ह चालू. ओव्हर." मी तिथेच रडलो. थोड्या वेळानं भाई स्वतः सेटवर आले आणि सगळे नियम सोडून मराठीत बोलले.

"मास्तर, पानी उकळलं. आठी जन चहा पिऊन राह्यले. ओव्हर."

दुसऱ्या दिवशी 0920 ला परतीच्या वाटेवर बर्फाचा कडा सुटला. मागचे दोघे वाचले. भाई सगळ्यांत पुढे होते. 1300 ला सापडले. त्यांच्या वरच्या खिशात पिनांचं एक पाकीट होतं. परतीच्या वाटेत खाली आणखी एक चौकी लागत होती, तिच्यासाठी. तिचाही दिवस त्यांनी म्हणून पाहिला होता.

सुट्टीत मी शहागडला गेलो. टपरीवर ट्रकवाल्यांची गर्दी होती. ती ओसरल्यावर अम्मींना सगळं खरं सांगितलं. घड्याळ मी दाखवलं होतं, हेही सांगितलं. त्या बराच वेळ कप विसळत राहिल्या.

"सामान पोचलं का रे वर?"

"पोचलं, अम्मी."

"आठी जन जित्ते हायत?"

"आहेत."

"मंग बस. चहा घे." त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्या कपात साखर जास्त टाकली. भाईंना तशीच लागायची.

आता मी सुभेदार म्हणून रिटायर झालोय. भोकरदनच्या एका कॉलेजात पुरवठा साखळी शिकवतात, तिथे अधूनमधून मला बोलावतात. प्राध्यापक फळ्यावर चौकोन आणि बाण काढतात. चांगले काढतात, मी ते पुसू देत नाही. तक्ता लागतोच. मग मी टेबलाच्या कडेवर बसतो, डोळे मिटतो आणि मुलांना माझ्यामागून म्हणायला लावतो. उठलो. पाणी पाहिजे. बर्फ आणला. स्टोव्ह पेटवायचा.

इथे मी थांबतो. मुलांना वाटतं, साहेबांना दम लागला. तेवढ्या वेळात मी मनात म्हणतो, हवालदार रशीद शेख, शहागड. मग विचारतो, "पिन?" आणि सगळा वर्ग ओरडतो, "आहे!"