अर्ध्या पेल्यानंतर

माझ्या मामाला त्याच्या प्रयोगशाळेत सगळे ‘झाकण’ म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ऐकू जाईल इतपत मोठ्याने. दोष मामाच्याच तोंडाचा. सकाळी आत पाऊल टाकलं की ना नमस्कार ना चौकशी, पहिला शब्द, “झाकण कुणी उघडं ठेवलंय?”

त्याचं काम सांगायचं तर मिठापासून सुरुवात करावी लागते. काही क्षार असे असतात की खोलीच्या साध्या तापमानालाही ते खडा धरत नाहीत, तेलासारखे ओतता येतात. त्यांना आयनी द्रव म्हणतात. त्यातला एखादा गोडेतेलासारखा वाहतो, तर एखादा बाटली उलटी केली तरी जागचा हलत नाही. नवा द्रव बनवून बघायचा म्हणजे वेळ आणि खर्च दोन्ही फार. म्हणून मामा आधी त्याच्या रेणूची रचना संगणकाला द्यायचा, कोणता कण कोणाशी जोडलेला, शेपटी किती लांब, भार कुठे, आणि द्रव किती दाट होईल त्याचा अंदाज काढायचा. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, मामाला ते पाळणा बांधायच्या आधीच दिसत.

पण हे द्रव भारी हावरट. हवेतली ओल ओढून घेतात, आणि थोडं पाणी शिरलं तरी पातळ होतात. मग गणित म्हणायचं दाट, मोजणारं यंत्र म्हणायचं पातळ, आणि सगळे खापर फोडायचे गणितावर. मामा तेवढा बाटलीकडे बोट दाखवायचा. नमुना पुन्हा सुकवून मोजला की बहुतेक वेळा आकडा जुळायचा, आणि मामा दिवसभर कॉलर ताठ करून फिरायचा. खरं ठरायची सवय वाईट. एकदा आकडा बरोबर आला की समोरचं माणूस काय म्हणतंय, ते त्याच्या कानात शिरेनासं व्हायचं. मामी हसून म्हणायची, “अहो, लग्नाआधी मला मोजलं असतंत, तर वाचला असतात.”

मग मामीला पक्षाघाताचा झटका आला. हात हळूहळू सावरला, बोलणं अडखळत परत आलं, पण गिळणं बिघडलं ते बिघडलंच. साधं पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरायला लागलं. डॉक्टरांनी पिण्याच्या प्रत्येक गोष्टीत एक पूड घालून ती दाट करायला सांगितली. पातळ काही फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया, आणि तो तिला झेपणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

आता मला कशाचा राग येतो ते सांगते. मामा त्या दिवसांत जवळजवळ खूश होता. जन्मभराची विद्या घरात कामाला आली होती ना! पूड काट्यावर तोलायचा, ढवळून थांबायचा, सिरिंजमधून थोडं गळू देऊन दाटपणा तपासायचा. मग मामीजवळ बसून चमच्याचमच्याने भरवायचा. तिच्या तोंडातून चमचा पेल्यात, पेल्यातून तोंडात. प्रेमानेच भरवायचा, हेही कबूल करते.

अर्धा पेला नीट जायचा. मग मामी खोकायला लागायची.

“पातळ... लागतंय,” ती म्हणायची.

“अगं, मोजलंय मी.”

“आत्ता... पातळ.”

एकदा मी तिथेच होते. न राहवून म्हटलं, “मामा, ती सांगतेय तर बघ ना परत.”

“तू मध्ये पडू नकोस. पेला तोच, पूड तीच. वरचं दाट आणि खालचं पातळ, असं कसं होईल?”

मामीने माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने पुन्हा तोंड उघडलं. मामाचं बाकी सगळं मी पोटात घालीन, पण तिने उघडलेलं ते तोंड मला विसरता येत नाही.

तिला ताप चढला. दवाखान्यात नेलं तेव्हा दोन्ही फुफ्फुसं भरली होती, ऑक्सिजन लावावा लागला. तिचे कपडे आणायला मामा घरी गेला, सोबत मी. टेबलावर सकाळचे दोन पेले तसेच होते. एकातलं अर्धं प्यायलेलं, आत चमचा. दुसऱ्याला हात लागलेला नव्हता, वर बशी झाकलेली. मामाने पहिला पेला बेसिनमध्ये उपडा केला. भस्सकन सगळं वाहून गेलं. तो थबकला. दुसऱ्यावरची बशी काढून त्याने तो कलता केला. त्यातला गोळा सावकाश सरकत खाली आला.

दोन्ही त्यानेच, एकाच वेळी, एकाच मापाने केलेले. मामा चमच्याकडे बघत राहिला. ती पूड म्हणजे शेवटी पीठच, आणि लाळ पिठाला पचवते हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. दर चमच्यासरशी मामीच्या तोंडातली लाळ पेल्यात जात होती आणि उरलेलं पातळ होत होतं.

“झाकण उघडं होतं,” तो म्हणाला, आणि तिथेच फरशीवर बसला. त्याला चार शब्द सुनवायचे म्हणून मी कधीची टपले होते. पण मी कपड्यांची पिशवी भरली.

दवाखान्यात तो तिच्या कानाशी वाकला. “अगं, तुझं खरं होतं. पातळच होतं ते. मी ऐकलं नाही.”

मामीने डोळे उघडले. मास्कच्या आतून म्हणाली, “मग... आता... पाणी द्या.”

मामाने नर्सकडे बघितलं. “तोंडाने काहीच द्यायचं नाही, काका,” ती म्हणाली.

तरी त्याने पेला भरला. साधं पाणी, पूड न घातलेलं. त्यावर झाकण ठेवलं आणि तो हातात धरून बसला. “बरी हो, मग देतो,” म्हणाला. तिने पुन्हा मागितलं, तेव्हाही तेच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामी गेली. नर्सने येऊन नळी काढली, मास्क काढला, चादर सारखी केली. मामाच्या हातातला पेला मी घ्यायला गेले, तर त्याची बोटं सुटेनात. आत काठोकाठ पाणी होतं, आणि झाकण घट्ट लावलेलं होतं.