एका ठशाची दोन नाणी

उत्तरेश्वरचं तोंड वाईट, हे विश्रांतवाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कुणी लग्नाचं आमंत्रण द्यायला आलं तर हा पत्रिका उलटीपालटी करून विचारणार, "जेवायला काय आहे? मग ठरवतो." दूधवाला, पोस्टमन, शेजारी, कुणाची खैर नव्हती. पण ही सगळी किरकोळ भांडणं. खरा, मुरलेला, लोणच्यासारखा बरणीत घालून ठेवलेला राग त्याचा एकाच माणसावर होता. ती त्याची थोरली बहीण, वारज्याची गोदाबाई.

राग कशाचा, ते ऐका. त्यांचे वडील भैरू लातूरकडून आले आणि पिंपरीच्या एका कारखान्यात ठसे कापायच्या कामाला लागले. विश्रांतवाडीत तेव्हा बाभळी होत्या. तिथं त्यांनी जागा घेतली, दोन खोल्या काढल्या, वर पत्रा टाकला. ते गेले त्या सुमारास पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या आणि बाभळीच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. बिल्डर दारात आला. आपल्याकडे रीत अशी, की अशा वेळी बहिणीला बोलवायचं, साडी-चोळी करायची आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घ्यायची. उत्तरेश्वरनं बोलावलं, साडीही आणली. गोदाबाईनं साडीचा पोत बघितला आणि म्हणाली, "साडी आहे माझ्याकडे. हिस्सा कुठाय?"

आता तिचं चुकलं काय? कायद्यानं तिचंच बरोबर होतं. पण उत्तरेश्वर कसला ऐकतोय. दोघांचं जुळेना, बिल्डर कंटाळून शेजारच्या प्लॉटकडे वळला आणि तिथं सात मजले चढवले. त्या दिवसापासून उत्तरेश्वरच्या पत्र्यावर ऊन पडलं नाही. राखी बंद, भाऊबीज बंद. अंगणातली गुलबक्षी वाळली तरी तो म्हणायचा, "आक्काची कृपा."

दुसरं काही त्याच्यापाशी नव्हतंच, एक नाण्यांचा नाद सोडून. तो वडिलांचा वारसा. भैरूंनी टपालानं टांकसाळीकडून प्रूफ नाण्यांचे दोन संच मागवले होते, एक पोरीला, एक पोराला. प्रूफ म्हणजे बाजारात खर्चायचं नव्हे, जपायला म्हणून खास पाडलेलं नाणं. चित्रामागची मोकळी जमीन आरशासारखी, चित्र दुधी. पोराला मांडीवर घेऊन ते शिकवायचे, "नाणं बघू नको, ठसा बघ. ठशावर ओरखडा असला की नाण्यावर उंच रेघ उठते. रेघ खोल गेलेली असली तर ती नंतर कुणा गाढवानं पाडलेली." उत्तरेश्वरच्या डोळ्यात हे पक्कं बसलं.

आणि त्याच डोळ्यानं एके दिवशी आपल्या संचातल्या चांदीच्या पन्नास रुपयांच्या नाण्यावर त्याला एक खूण सापडली. सालातल्या शेवटच्या आकड्याखाली त्याच आकड्याची केसभर सावली, शिवाय चित्रातल्या कणसापासून कडेपर्यंत एक बारीक उंच रेघ. ठसा बनवताना तो दोनदा दाबला गेला होता आणि दुसऱ्यांदा किंचित सरकला होता, अशी त्याची खात्री.

मंडईजवळच्या एका हॉलमध्ये रविवारी नाणेवाल्यांची बैठक भरायची. हल्ली तिथं हिंजवडीची पोरं गळ्यात कंपनीचा पट्टा घालून यायची आणि भाव न विचारता पाकीट काढायची. बैठकीचा म्होरक्या मच्छिंद्र. प्रूफ नाण्यांच्या ठशांतले फरक दाखवणारं पुस्तक तो छापायला निघाला होता. प्रत्येक प्रकाराचा मोठा फोटो आणि खाली शोधणाऱ्याचं नाव. उत्तरेश्वरला त्या पुस्तकात नाव हवं होतं. आयुष्यात दुसरं काही त्यानं इतकं मागितलं नव्हतं.

मच्छिंद्रनं भिंगातून बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, चष्म्याचा नंबर वाढला की आकडे दोन दिसतातच."

"तुमच्या पुस्तकात चष्म्याचं दुकानही छापा मग."

"चिडू नका. नाणं पाडताना ठसा हलला असेल, तर ती या एकट्या नाण्याची चूक. तिला कुत्रं विचारत नाही. ठसाच दुहेरी असेल तर त्यातल्या सगळ्या नाण्यांवर हीच सावली येणार. मग तो वेगळा प्रकार. नाव मिळेल, भाव मिळेल. याच ठशाचं दुसरं नाणं आणा, पुढच्याच पानावर छापतो."

उत्तरेश्वरनं मुंबईपर्यंत चौकशी केली. ते पन्नास रुपये पुष्कळांकडे होते, सावली कुणाच्याच नाण्यावर नव्हती. दुसरं कुठं असणार, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दोन संच एकाच पार्सलातून आले होते. पण वारज्याला जायचं? त्यापेक्षा मुठेत उडी घेईन, म्हणाला.

आणि गोदाबाईचाच फोन आला. "बाबांचं नाणं बघायचंय. तुला कळतं म्हणून विचारते, दुसरं कारण नाही."

तो गेला. दार उघडून ती म्हणाली, "आलास? चहा घेणार, का शपथ घातलीय?"

"साखर असली तर."

चहा आला. नाणंही आलं, टांकसाळीच्या पाकिटात तसंच. इतक्या वर्षांत तिनं ते फोडलंसुद्धा नव्हतं. "आमच्या नम्रताच्या पोरीचं उष्टावण आहे," ती म्हणाली. "पणजोबांची आठवण म्हणून याची वाटी करावी म्हणते. पण बाबा म्हणायचे, ठसा वाचावा तो उत्तऱ्यानं. यात काही विशेष असेल तर सांग, हात लावत नाही. नसेल तर सोनाराकडे टाकते."

उत्तरेश्वरनं भिंग लावलं. आकड्याखाली सावली होती. कणसापासून कडेपर्यंत एक बारीक उंच रेघ होती, त्याच्या नाण्यावर होती तशीच, तितकीच.  इतका आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

मग त्यानं नाणं तिरपं धरलं. जमीन नितळ, आत माणसाचा चेहरा दिसावा अशी. त्याच्या स्वतःच्या नाण्यावर तरुणपणी उमटलेला अंगठा होता, कधी न जाणारा. म्हणजे पुस्तकात मोठा फोटो छापला जाणार तो याचा. खाली लिहिणार, गोदाबाईंच्या संग्रहातून. आपण त्याच्या शेजारी, दुय्यम. हिनं घर अडवलं, ऊन अडवलं, आता इथंही हीच पुढं. त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

"साधं आहे," तो म्हणाला.

"नीट बघितलंस?"

"बघितलं. माझे डोळे काही हिश्श्यावर नसतात."

"चांदी तरी आहे ना?"

"निम्मी. वाटी करायची तर सोनार वरून चांदी घालेल."

बसमध्ये बसला तेव्हा गडी खूश होता. जिरवली, असं डेक्कनपर्यंत वाटत राहिलं. संगमपूल ओलांडताना त्याच्या ध्यानात आलं, की तिची जिरवता जिरवता आपण आपल्याच नाण्याचा साक्षीदार सोनाराच्या भट्टीकडे धाडलाय. फोन करायला हवा होता. पण फोन करून सांगायचं काय? आक्का, मी खोटं बोललो? जीभ झडली असती. ती कुठं लगेच आटवतेय, हिशेबी बाई आहे, असं म्हणत तो रोज फोनकडे बघायचा आणि रोज उठून जायचा.

मग उष्टावणाचं बोलावणं आलं. पोरीला पहिला घास मामानं भरवायचा. नम्रताचा भाऊ सोनू कंपनीच्या कामावर अमेरिकेत, तेव्हा मामाच्या जागी मामाआजोबा. उत्तरेश्वर पाटावर बसला. समोर खिरीनं भरलेली नवी वाटी होती.

"आटवलंस?" त्यानं हळूच विचारलं.

"तूच म्हणालास ना साधं." गोदाबाईनं पोरीच्या गळ्याशी लाळेरं बांधलं. कामवालीला कामं सांगावीत त्या आवाजात पुढं म्हणाली, "विशेष निघालं असतं तर तुझ्याच नरड्यात घालणार होते. मला घरात ठेवून काय आरती करायची होती त्याची? बाबांनी जोडीनं घेतली होती, तुझ्याकडे जोडीनं राहिली असती."

उत्तरेश्वरनं वाटी उचलली, खिडकीच्या उजेडात तिरपी केली आणि सवयीनं कड न्याहाळत गेला. सोनाराचं काम चोख होतं. रेघ म्हणून कुठं नव्हती.

"भरवा ना मामा," नम्रता म्हणाली. पोरीनं आ केला होता. त्यानं चमचा तोंडात घातला. पोरीनं खीर क्षणभर घोळवली आणि सगळी त्याच्या शर्टावर थुंकली.

"बरोबर आहे," गोदाबाई म्हणाली. "याच्या हातचं कुणाला गोड लागलंय?"

बाया हसल्या. एरवी त्यानं दहा सुनावली असती. आज तो दोन्ही हातांत वाटी धरून पाटावर बसून राहिला.