सगळ्यांचा नकाशा एकच होता

त्या तुकडीनं कॉपी केली, असं हिंगोलीत आजही कुणी म्हणालं की मी त्याला तिथंच अडवतो. म्हातारा तापट झालाय म्हणतात. म्हणू देत. कॉपी झाली नव्हती.

नव्वदचं दशक सरून थोडीच वर्षं झाली होती. मी एका खाजगी संस्थेत कॉम्प्युटर नेटवर्क शिकवायचो. संस्थेत राउटर एकच, तोही बंद पडलेला. नेटवर्कमधला प्रत्येक राउटर जवळचा मार्ग कसा शोधतो, ती लिंक-स्टेट पद्धत दाखवायची कशावर? मुलं काळीपिवळी जीपमधून गावागावांहून यायची. म्हटलं, तुम्हीच राउटर व्हा. प्रत्येकानं चिठ्ठीवर फक्त आपल्या गावाला थेट जोडलेले रस्ते लिहायचे आणि जीपला लागणारा वेळ. ऐकीव काही लिहायचं नाही. चिठ्ठी वर्गभर फिरेल, मधल्या कुणी त्यात अक्षर बदलायचं नाही. सगळ्यांच्या चिठ्ठ्या पोहोचल्या की ज्यानंत्यानं पूर्ण नकाशा काढायचा आणि आपल्या गावाहून कुठंही लवकरात लवकर पोहोचायचा मार्ग स्वतःच शोधायचा.

हट्टा गावच्या मुलानं औंढ्याच्या रस्त्याचा वेळ वाढवून लिहिला. नरसीच्या मुलीनं विचारलं, "खड्डे मोजून आलास का रे?"

"रोज आदळत येऊन राहिलो, मोजायचे कशाला?"

त्याच्या त्या एका आकड्यानं कितीतरी जणांचे मार्ग बदलले. त्या दिवशी वर्गाला विषय कळला.

परीक्षेत याच पद्धतीवर प्रश्न आला, उदाहरण मनाचं घ्यायचं होतं. सगळ्यांनी वर्गातला नकाशा काढला. तीच गावं, तेच आकडे, औंढ्याचा तोच खराब रस्ता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी उत्तरपत्रिका टेबलावर पसरल्या आणि सामूहिक कॉपी ठरवून टाकली. निकाल अडला.

अहो, नकाशा एकच निघणं हाच त्या पद्धतीचा पाया आहे. एखाद्याचा वेगळा निघाला असता तर तो चुकला असता. नकाशाखाली लिहिलेले मार्ग तरी बघायचे. हट्ट्याच्या मुलाचे हट्ट्यापासून फुटलेले, नरसीच्या मुलीचे नरसीपासून. शेजारच्याचं बघून ते उतरवता येत नाहीत. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी बोलायला लागलो, संस्थाचालकांनी हात वर केला, आणि मी गप्प बसलो.

मग मीच मुलांना सांगितलं, पुन्हा परीक्षेला बसा, पुस्तकातली आकृती काढा. बाकीचे बसले आणि पास झाले. हट्ट्याचा मुलगा उभा राहिला.

"सर, आमी चुकलो का?"

"नाही."

"मग पुन्हा काहून बसायचं?"

तो प्रमाणपत्राशिवाय गेला.

आपल्या दारातला रस्ता बंद पडला की ते आपणच सगळ्यांना कळवायचं, दुसरा कुणी सांगेल म्हणून थांबायचं नाही, हे त्याच वर्गात मी फळ्यावर लिहून दिलं होतं.

परवा हट्ट्याला गेलो. त्याच्या केसांत पांढरं आलंय. पाणी दिलं, खुर्ची दिली. तू बरोबर होतास, एवढंच मी म्हणालो.

"मला ठाऊकच व्हतं, सर," तो म्हणाला. "मला सांगून काय उपयोग? बाकीच्यांना सांगा."

म्हणून हे छापायला देतोय. परीक्षक हयात असतील तर त्यांनीही वाचावं.