सोनीने मोडलेली खोपी

मंडळी, मुरबाडच्या सायबर कॅफेत बसून लिहितेय. घरी गेले तर हे सांगायचं राहून जाईल.

आज तिसरीच्या वर्गात मातीकाम घेतलं. तळ्यावरची चिकणमाती आणली आणि मुलांना म्हटलं, आपापलं घर करा.

बाकीच्यांनी उतरत्या छपरांची घरं केली, कुणी गोठाही केला. वाडीवरच्या सोनीने मात्र आधी बोटभर लांबीच्या विटा पाडल्या, मग त्या रचून खोपी उभी केली. तिचे आईबाप दर दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, तीही जाते; तिथल्याच विटा रचून केलेल्या अशा खोपीत राहतात. इतकं नेटकं काम माझ्या वर्गात कुणी केलं नव्हतं. म्हटलं, "खिडकीत सुकत ठेव, उद्या रंगवू."

शाळा सुटताना पाहते तर सोनी खोपी मोडत होती. एकेक वीट काढून तिने माझ्या टेबलावर रांगेत लावली. मी चिडलेच. "अगं, मोडलीस कशाला?"

तिला माझंच नवल वाटलं. "बाई, निघताना खोपी मोडायचीच. विटा शेठच्या असतात ना." मग चप्पल शोधत म्हणाली, "उद्या ट्रक येनार. आमी चाललो."

"ह्या तुझ्या आहेत, घेऊन जा," मी म्हटलं. तिने मान हलवली. "नको बाई. ठेवायला जागा नाय."

दरवर्षी असाच अर्धा वर्ग रिकामा होतो आणि मी उरलेल्यांना घरं रंगवायला शिकवते. ती घरं आता खिडकीत सुकतायत.

सोनीने आपल्या विटा शेठला देतात तशा मला परत दिल्या. सांगा ना, तिच्या लेखी मी कोण होते?