नवाब जेवायला बसले होते

फुलपाखरं फक्त फुलांवर बसतात असं मानणारी माणसं सुखी असतात. मीही होतो. मग कॅमेरा घेतला आणि कळलं, की काही खानदानी मंडळी फुलांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांना सडका फणस लागतो, मेलेला खेकडा लागतो, आणि सगळ्यांत प्रिय म्हणजे मांस खाणाऱ्या जनावराची विष्ठा. अशाच एका खवय्याचं मराठी नाव आहे नवाब. ज्याने ठेवलं त्याला माझा नमस्कार.

या नवाबासाठी मी मुळशीचे डोंगर तुडवत होतो. गुरू नाही, क्लास नाही. चुकत चुकत शिकलेला माणूस. नियम एकच, फ्लॅश मारायचा नाही. सूर्य देईल तो उजेड. त्यासाठी सकाळचं तिरपं ऊन लागतं आणि चिखलात पालथं पडायची तयारी. माझ्या बायकोच्या मते खाली पोटाची आयती गादी असल्यामुळे मला हे जमतं.

दसरा होऊन गेला होता. हिंजवडीच्या आमच्या इमारतीतून पहाटेच निघून, धरणाच्या वरच्या अंगाला गाडी लावून आम्ही दोघं पायवाटेने चढत होतो. वाट करवंदीच्या जाळ्यांतून वरच्या कातळावर जाते. मी घाणेरीच्या एका झुडपापाशी रेंगाळलो.

"तुमचं चालू द्या," बायको म्हणाली. "मी वर जाऊन चहा पिते. थर्मास माझ्याकडे आहे, एवढं लक्षात असू द्या."

ती गेली. थोड्या वेळाने मीही निघालो, आणि एका वळणावर नवाबसाहेब दिसले. वाटेच्या मधोमध, विष्ठेच्या ढिगावर, सोंड खुपसून. ढीग काळपट, पिळदार, आत केस. आणि ओला. ताजा आहे म्हणून मला आनंद झाला. हो, आनंदच. ताजं जेवण सोडून नवाब लवकर उठत नाहीत. मी पालथा पडलो. ऊन आडवं आलं, पंखावरचा फिकट हिरवा पट्टा पेटला, आणि मी फोटो काढत सुटलो. "हुजूर, मान जरा इकडे," असंही म्हणालो.

मग फोकस चुकून मागे सरकला. फुलपाखरू धूसर झालं आणि त्यामागचा चिखल लख्ख दिसू लागला. तिरप्या उन्हात मातीची कडान् कड उठून दिसते. बायकोच्या चपलेचा ठसा दिसला, तळव्याच्या नागमोडी रेघांसकट. आणि त्या रेघा मोडून, त्यांच्यावर, दुसरा ठसा. गोल गादी, चार बोटं, कुत्र्यासारखी नखं नाहीत. त्यात अजून पाणी झिरपत होतं.

तिच्या ठशावर. म्हणजे ती गेल्यानंतर. तिच्या आणि माझ्या मधून कोणीतरी वर चालत गेलं होतं.

भीती पोटातून येते म्हणतात. माझी कोपरांतून आली. ती माझं वजनच पेलेनात. कसाबसा उठलो. लग्नाचं अख्खं कार्यालय गप्प करणारा माझा आवाज, तो दाराच्या बिजागरीसारखा कुरकुरला. "अगं." उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. काही नाही.

मी वर चढू लागलो. चप्पल, पंजा, चप्पल, पंजा. मग पंजे वाट सोडून जाळीत शिरले. ते जास्त वाईट होतं. वाटेवर होतं तोवर ते कुठे आहे हे निदान कळत तरी होतं.

कातळाच्या कडेला बायको उभी होती. हातातला कप कलंडलेला, चहा ओढणीवर सांडलेला. ती माझ्याकडे पाहतच नव्हती. माझ्यामागे, खाली, त्या वळणाकडे पाहत होती.

"ओ का दिली नाहीस?"

"आवाजच फुटेना." ती कुजबुजली. "तुम्ही आडवे पडला होतात ना, तिथं जाळीत बसलं होतं ते. तुमच्या पायांशी. तुमच्याकडेच बघत होतं. मी ओरडायला तोंड उघडलं, नुसती हवा आली."

"बिबट्या?"

"नाही, तुमचे मामा."

"आता कुठाय?"

"तुम्ही उठलात तसं खाली उतरलं."

गाडी खाली होती. वाट एकच होती. फोनला रेंज नव्हती. बराच वेळ आम्ही कातळावर पाठीला पाठ लावून उभे राहिलो, पण करवंदीत काही हललं नाही, आणि त्याने धीर येण्याऐवजी सुटतच चालला.

"मी मागून येतो," शेवटी मी म्हणालो. "ते मागून धरतं म्हणतात."

"तुम्ही पुढे व्हा. तुम्ही मला दिसायला हवेत." तिने माझ्या पाठीवरचा कॅमेऱ्याचा पट्टा कासऱ्यासारखा मुठीत धरला. "आणि बोलत राहा, मोठ्याने. एरवी तर थांबत नाही तुम्ही."

जन्मभर बडबडलेल्या माणसाला एक शब्द सुचेना. शेवटी मी एकोणिसाचा पाढा म्हणू लागलो. एकोणीस सत्ते एकशे तीस.

"एकशे तेहेतीस," मागून आवाज आला.

वळणापाशी पट्टा ढिला पडला. मागे वळून बघायचं धाडस होईना.

"एकोणीस आठे एकशे साठ," मी ओरडलो.

क्षणभर नुसता वारा.

"बावन्न. लहानपणी काय झोपा काढत होतात?"

गाडी दिसेपर्यंत मी एकही पाढा बरोबर म्हटला नाही.