पेनड्राइव्हची चिठ्ठी

मी सोनाळ्याच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. स्वभावाने चिडकी आहे, ते आधीच सांगून टाकते. शाळेतले बारा जुने कॉम्प्युटर भंगारात काढायचं मुख्याध्यापकांनी ठरवलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. विकतची नवी सिस्टिम त्यांच्यावर चालत नव्हती, एवढाच त्यांचा गुन्हा. मी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम बसवते म्हणाले.

"फुकटचं काय कामाचं, मॅडम?" सर म्हणाले. "शनिवारी प्रोजेक्टरवर पृथ्वीचा गोल फिरवून दाखवा. नाई फिरला तं टेम्पोत भरून देतो."

आमच्या भागात लिनक्स पेनड्राइव्हवरून हातोहात फिरतं. माझ्याकडे आलं ते शेगावहून, लॉजमधले कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका दादांकडून. पेनड्राइव्हला रबराने चिठ्ठी बांधलेली होती : सुरू करताना 'नोमोडसेट' हा शब्द टाका, नाहीतर स्क्रीन काळी. का टाकायचा, ते दादांनाही कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. एका मशीनवर त्या शब्दासकट सगळं बसवलं आणि तीच नक्कल बाकी अकरांवर उतरवली.

शनिवारी सर आणि क्लार्क आले. टेम्पो आधीच फाटकाशी उभा होता. निकाल ठरवून मग परीक्षा घ्यायची, याचा मला भयंकर संताप आला. पण गोल खरंच फिरेना. दोन अंश सरकायचा, अडकायचा. अक्षरं ताणलेली, आणि प्रोजेक्टरवर नुसता निळा चौकोन.

"फुकटचा ड्रायव्हर असाच राह्यते," क्लार्क हसले.

ड्रायव्हर म्हणजे ग्राफिक्स चिपकडून चित्रं काढून घेणारा प्रोग्रॅम. हा जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, कोणीही उघडून वाचावा असा. त्याला हसलेलं मला सहन झालं नाही. रडू येत होतं, पण त्या दोघांपुढे मी मेले तरी रडले नसते. मी कमांड टाइप करून मशीनलाच विचारलं, चित्र कोण काढतंय? उत्तर आलं : प्रोसेसर, ग्राफिक्स चिप नव्हे. म्हणजे सगळे ज्याला नावं ठेवत होते, तो ड्रायव्हर कामावर आलेलाच नव्हता. चिठ्ठीतल्या त्या शब्दाने मीच त्याला दाराबाहेर उभं केलं होतं, बाराही मशीनवर. बसवण्यापुरता वापरायचा शब्द मी कायमचा ठेवून दिला होता.

शब्द खोडला, मशीन पुन्हा सुरू केलं. स्क्रीन काळी झाली. सर उठले.

"बसा, सर," मी जरा मोठ्यानेच म्हणाले. ते बसले.

काही क्षणांनी ड्रायव्हर कामावर आला, अक्षरं नीट झाली, प्रोजेक्टरवर चित्र उमटलं आणि गोल फिरू लागला. जुन्या चिपला झेपेल तसा दमादमाने, पण कुठेही न अडखळता. क्लार्क चष्मा पुसत बघत राहिले.

सर मात्र हार मानणारे नव्हते. "म्हंजे चूक तुमचीच होती तं!"

"हाव, माहीच होती," मी म्हणाले. एरवी सरांशी मी पुस्तकी बोलते, त्या दिवशी नाही बोलले. "भंगारात टाकाचं असन तं मले टाका. यायले हात लावू देणार नाई."

मी दुसऱ्या मशीनपुढे बसले आणि तिथला तो शब्द खोडायला लागले. फाटकावरच्या टेम्पोवाल्याला काय सांगायचं, ते सरांचं सरांनी बघावं.